सहाच्या गाडीआधीचा शेवट

परवा बाभुळगावला एका लग्नात जेवायला बसले होते. वाढप्याच्या परातीतून एक लिंबू निसटलं, जमिनीवर पडलं आणि पडल्या जागी न थांबता घरंगळत निघालं. टेबलांखालून, चपलांच्या मधून, एका लहान मुलीच्या परकराला चाटून ते चाललंच होतं. नवरानवरी बसले होते त्या मंचाच्या पायरीला धडकून एकदाचं थांबलं. पंगतीत हशा पिकला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "या कार्यालयाची जमीनच उतरती हाये बाप्पा! बांधणाराचं ध्यान कुठं होतं कोणास ठाऊक." मला हसू आलं नाही. हातातला पुरीचा घास हातातच राहिला. बांधणाऱ्याचं ध्यान अगदी जागेवर होतं, हे मी तिला सांगू शकले असते. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून त्यानं मुद्दाम ही जमीन उतरती केली होती. नवरानवरी जिथं बसली होती तिथं एके काळी पांढरा पडदा होता.

टॉकीजचं मंगल कार्यालय झालं त्याला बरीच वर्षं लोटली. छताला आता कोरीव नक्षीचं प्लास्टर आहे, भिंतींना गुलाबी रंग आहे, मशीनखोलीत सतरंज्या आणि कढया ठेवतात. सगळं बदललं, पण उतार तेवढा कुणी भरून काढला नाही. लग्नाच्या दिवशी टेबलांच्या पायांखाली विटांचे तुकडे सरकवून वेळ मारून नेतात. त्या लिंबामागे माझे डोळे मंचापर्यंत गेले आणि तिथंच राहिले. उजव्या हाताला, खांबाच्या पलीकडे, लेडीजची बाजू होती. मध्ये खाकी कापडाचा पडदा असे आणि दिवे मालवले की गेटवाला तो दोरीनं सर्रकन बाजूला ओढत असे. त्या बाजूला एकच वास असायचा. शेंगदाण्यांचा, गजऱ्यांचा, बाजारातून घेतलेल्या मेथीच्या जुड्यांचा आणि कापसाच्या दिवसांत बायकांच्या लुगड्यांना चिकटलेल्या सरकीचा मिळून तो एक वास होता. तो मला आजही कुठल्या गर्दीत ओळखू येईल, पण तशी गर्दी आता कुठं भेटत नाही.

जुन्या चित्रपटांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मी न विचारता सांगते, अशी माझी यवतमाळात ख्याती आहे. शाळेत तीस वर्षं भाषा शिकवली, त्यामुळे समोरच्याला बोलू न देण्याची सवयही लागली असेल. माझं म्हणणं असं, की जुन्या चित्रपटांतली खरी श्रीमंती त्यांच्या थांबण्यात होती. एखादी बाई पत्र वाचते. ती ते वाचून संपवते, घडी घालते, पुन्हा उघडते. तोवर कॅमेरा तिच्या तोंडावरून हलत नाही. आज एवढ्या वेळात दोन माणसं मरतात आणि तिसरा परदेशात पोचतो. काळ्यापांढऱ्यात चेहऱ्याला लपायला जागा नसायची. रंग आले आणि आपण साड्या बघायला लागलो. विनोदवीर मात्र मला तेव्हाही सोसत नसत आणि आताही सोसत नाहीत. नायकाचं घर जळतंय आणि हा धोतराचा सोगा दारात अडकवून पडतोय, यात हसण्यासारखं काय असतं ते मला या जन्मी कळलं नाही.

पण माझं सगळ्यांत कडक मत शेवटांबद्दल आहे. गोड शेवटाच्या हव्यासानं आपल्याकडे जेवढे चांगले चित्रपट मारले, तेवढे वाईट नटांनीही मारले नसतील. तीन तास छळलेली बाई शेवटच्या पाच मिनिटांत छळणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते, मागे शहनाई वाजते आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. मी कधी पुसले नाहीत. मला राग येई. आणि या रागाच्या वेळी मी नेहमी एका चित्रपटाचा दाखला देत असे. त्याचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच मोबाइलवर शोधाल आणि शेवटपर्यंत पाहाल, आणि तिथंच तर सगळी गोम आहे.

तो मी पाहिला तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. दुपारचा तीनचा खेळ. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. गोष्ट साधी होती. संशय घेऊन नवरा बायकोला घराबाहेर काढतो. ती दूरच्या गावी शिवणकाम करून, पोरींना शिकवून एकटी उभी राहते. तिची दोन गाणी इतकी गाजली होती की पाटाच्या पाण्यावर धुणं धुणाऱ्या बायकाही ती म्हणत. मग वर्षांनी नवरा येतो. थकलेला, पांढरी दाढी वाढलेली, उंबऱ्यापाशी उभा. ती त्याच्याकडे बघते. किती वेळ बघते म्हणून सांगू! टॉकीजमध्ये फुटाण्याची पुडीसुद्धा वाजत नव्हती. मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "नको घेऊ वं माय त्याले घरात." आणि तिनं खरंच घेतलं नाही. दार लावलं. पडदाभर ते बंद दार, बस्स. दिवे लागले. बायका मुकाट्यानं पिशव्या उचलून निघाल्या, कारण सहाला शेवटची गाडी खेड्यांकडे जायची आणि ती कुणासाठी थांबत नसे. मी आत्याकडे पाहिलं. ती खुर्चीतून उठलीच नव्हती. पदर तोंडाशी धरून समोरच्या रिकाम्या पडद्याकडे बघत होती.

तिचं तसं बघणं मला त्या वयातही कळलं, कारण तिची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. आत्याला महागावकडे दिली होती. तीन वर्षांत तिला एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर आणून सोडून गेले. कारण असं काही नव्हतं, किंवा चित्रपटात होतं तेच होतं. त्यानंतर पाच वर्षं ती आमच्याकडे होती. माझ्या बाबांचा तिच्यावर जीव होता. आईविना वाढलेली दोघं भावंडं. गरम भाकरी आधी तिच्या ताटात पडली पाहिजे, हा आमच्या घरचा कायदा होता आणि आईनं तो कुरकुर न करता पाळला. संध्याकाळी कचेरीतून आले की बाबा ओट्यावर बसत आणि आत्या त्यांना पेपर वाचून दाखवी. वाचता येत असून ते तिच्याकडून ऐकत.

चित्रपट लागला त्याच आठवड्यात महागावहून निरोप आला, की झालं गेलं विसरून जावयाला बायकोला न्यायचं आहे. बैठक बसली. पाच माणसं होती. बाबा, त्यांचे मामा, तिकडून दीर आणि एक मध्यस्थ, शिवाय शेजारचे मास्तर. आम्ही बायका आतल्या दाराआड. बोलणी बरीच झाली. मग मध्यस्थ म्हणाला, "आता तूच सांग बाई, तुह्या मनात काय हाये ते." आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "त्या शिनेमातल्या बाईनं जे केलं, तेच मी करीन." मला वाटलं, आता बाबा उठून तिला जवळ घेतील. बाबा मोठ्यानं हसले. खूप दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं होतं. म्हणाले, "झालं मंग! चहा टाका वं आतमंदी." आई माझ्याकडे आणि मी आईकडे पाहत राहिलो. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती चुलीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दारात भाड्याची जीप उभी राहिली. नवऱ्या मुलासारखी टोपी घालून आत्याचे यजमान उतरले. बाबांनी पहाटेच जाऊन लुगडं आणि नारळ आणून ठेवलं होतं, ओटी भरून तिला धाडायची म्हणून. गल्लीतली माणसं बघायला जमली. आत्या दारात आली, त्या माणसाकडे तिनं पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला ऐकू आला. मी आतच होते, तिच्या मागे. मग जीप सुरू झाली आणि निघून गेली.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "पाच माणसाइत शब्द देऊन फिरवला तिनं. माही मान खाली घातली." आई म्हणाली, "तिनं नाहीच म्हटलं होतं." बाबा उसळले, "मी माह्या कानानं ऐकलं!" आईनंही स्वतःच्या कानानंच ऐकलं होतं. तिनं वाद तिथंच सोडला. नवऱ्याला अपमान सोसत नाही म्हणून तो असं बोलतोय, असं तिला वाटलं. बायको नणंदेला पाठीशी घालतेय, असं बाबांना वाटलं. महिन्याभरात आत्यानं मारुतीच्या गल्लीत एक खोली घेतली, टायपिंग शिकली आणि पुढं तहसील कचेरीत लागून तिथूनच निवृत्त झाली. ती बाबांवर रागावली होती. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, पण मला वाटे मला माहीत आहे. नाही म्हटल्यावरही भावानं ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी नारळ हातात घेऊन तिला धाडायला उभा राहिला, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

पुढची चाळीस वर्षं ही दोघं एका गावात राहिली आणि फक्त भाऊबीजेला भेटली. रीत मोडली नाही. ती संध्याकाळी येई, पाटावर बसलेल्या बाबांना ओवाळी, ते ताटात लुगडं ठेवत, ती करंजी खाऊन परत जाई. मधे बोलणं नाही. एखाद्या वर्षी बाबा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत ओट्यावर उभे राहत आणि मग आत येऊन उगाच रेडिओ लावत. पेपर त्यांना कुणी वाचून दाखवलेला चालत नसे. ते गेले तेव्हा आत्या आली, पायाशी बसली, रडली नाही. पुढच्या भाऊबीजेला मी तिला म्हटलं, "भाऊ नसला तर बायका चंद्राला ओवाळतात. तू ओवाळ." ती म्हणाली, "जित्तेपणी जे बोलता आलं नाही, त्याच्यात चंद्राले कायले आणतं मधात?"

आता त्या चित्रपटाकडे येते. गेल्या श्रावणात आमच्या वाचनालयात जुन्या चित्रपटांतल्या बायकांवर मी बोलले. बोलताना अर्थातच ते बंद दार आलं. मी म्हटलं, त्या काळात एका दिग्दर्शकाला असं दार लावायची हिंमत झाली, यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ. टाळ्या पडल्या. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. वणीचे, निवृत्त शिक्षक. म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण दार ती पुन्हा उघडते. तिथं पिच्चर संपत नाही." मी आपल्या सवयीनं त्यांना गप्प केलं. म्हटलं, सर, तुम्ही दुसराच एखादा पाहिला असेल. लोक हसले. ते मात्र हसले नाहीत, बसलेही नाहीत. "नाही हो. माही पहिली नोकरी बाभुळगावची. तिथल्याच टॉकीजमंदी पाह्यला, रात्रीच्या खेळाले." मी म्हटलं, मीही तिथंच पाहिला, त्याच आठवड्यात, दुपारी. तेव्हा त्यांच्या तोंडावर काहीतरी उमगल्यासारखं दिसलं. "दुपारी व्हय?" ते म्हणाले. "मंग बरोबर. दुपारच्या खेळाले ऑपरेटर रिळाचा एक डबा लावतच नव्हता. सहाची गाडी असे ना बायकाइले! मधला काढला तर गाण्यासाठी बोंब होये. म्हणून या पिच्चरचा त्यानं शेवटचाच ठेवून देला. दाराशी संपते असंच वाटे. कोणाले समजलं नाही. मले त्यानंच सांगितलं होतं."

सभागृहात पुन्हा हशा झाला, या वेळी माझ्यावर. त्याचं मला काही वाटलं नाही. मला आमच्या घरातली ती बैठक आठवली होती. बाबा चित्रपट नेहमी रात्रीच्या खेळाला बघत. मामाही. मास्तरही. हाही त्यांनी बैठकीच्या आधी रात्रीच पाहिला होता. गावातले सगळे पुरुष कामं आटोपून रात्रीच जात आणि बायका दुपारी, सहाच्या आत. आमच्या गावात एकाच टॉकीजमध्ये, एकाच आठवड्यात, बायकांनी एक चित्रपट पाहिला होता आणि पुरुषांनी दुसरा. पुरुषांना डबा गाळतात हे ठाऊक असेलही, पण एखादी मारामारी नाही तर कव्वाली गेली असेल, असं त्यांना वाटत असणार. घरी येऊन कुणी कुणाला शेवट सांगत नाही, कारण तो दोघांनीही पाहिलेला असतो.

घरी आल्यावर मुलाला फोन केला. त्यानं कुठून तरी शोधून तो चित्रपट माझ्या लॅपटॉपवर पाठवला. मी सरळ दारापाशी गेले. दार बंद होतं. आणि मग पन्नास वर्षं डब्यात राहिलेली ती दहा-बारा मिनिटं समोर सुरू झाली. ती आतून गाते. तो उंबऱ्यावर कोसळतो. ती दार उघडते, त्याचं डोकं मांडीवर घेते, मग त्याच्या पायांवर आपलं कपाळ टेकते. शहनाईसुद्धा होती. एरवी मी यावर तासभर तोंडसुख घेतलं असतं. तेव्हा मात्र मला फक्त बाबांचं ते हसणं ऐकू येत होतं. ते आत्याला हसले नव्हते. आपली बहीण सुखानं नांदायला जाते म्हणून हसले होते. बहीण आपल्या तोंडानं हो म्हणाली, असंच त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांच्या चित्रपटात ते खरंही होतं. मी त्या वणीच्या सरांना फोन करून माफी मागितली. त्यांना वाटलं, एवढ्याशा चुकीसाठी बाई उगाच रडतात.

आत्याला सांगावं की नाही, यावर मी पंधरा दिवस घालवले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला, जिच्या हातात आता काही दुरुस्त करायला उरलेलं नाही, तिला हे सांगून काय मिळवायचं? आणि मनात एक भीती होती, ती लिहूनच टाकते. आत्याचं आयुष्य मी माझ्या मतांच्या पुराव्यासारखं वापरत आले होते. एका चित्रपटानं एका बाईला बळ दिलं, असं मी मनाशी धरून होते. ते बळ एका ऑपरेटरच्या घाईतून आलं होतं, असं निघालं तर? तिला पूर्ण चित्रपट दिसला असता आणि ती गेली असती तर? पण न सांगणं म्हणजे तोच डबा मी पुन्हा बाजूला ठेवणं होतं. एका दुपारी लॅपटॉप घेऊन बाभुळगावला गेले.

तिनं पहिल्यापासून पाहिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे बारीक करून, मधे एकदाच चहा. दाराशी आलो तेव्हा तिनं चष्मा काढायला हात वर नेला, आणि मी म्हटलं, "थांब. अजून आहे." तिनं पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. शहनाई थांबली तशी ती म्हणाली, "हे काय लावलं तू?" मी सगळं सांगितलं. डबा, सहाची गाडी, रात्रीचा खेळ. ती ऐकत होती, पण मी निम्म्यात असतानाच तिला कळलं होतं. नजर कुठंतरी दूर लागली होती.

"म्हणजे दादानं हे पाह्यलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून हासला तो." तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मले वाटलं, मी नाही म्हणून राह्यली अन् याले हासू येते. माहं ओझं झालं याले."

मी धीर करून विचारलं, की तेव्हा हा शेवट पाहिला असता तर तू गेली असतीस का. तिनं माझ्याकडे तसं पाहिलं, जसं शाळेत मी मुलींकडे पाहत असे. "हट्! गेली कायले असती? मी टॉकीजमंदी जायच्या आधीपासूनच जाणार नव्हती." मग आवाज खाली आला. "पण मंग त्या बाईचं नाव घेतलं नसतं. सरळ नाही म्हटलं असतं. पाच माणसाइसमोर नाही म्हणाची छाती नव्हती माह्यी, म्हणून तिच्या आडून बोलली. अन् माह्या भावानं माहा शब्द खरा धरला." तिनं डोळ्यांना पदर लावला. बाबा गेले तेव्हा जी रडली नाही, ती त्या दुपारी रडली, आणि मीही तिला थांबवलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. आमच्या आई-आत्यांना स्वतःचं बोलणं बोलायची सोय नव्हती. त्यांनी पडद्यावरच्या बायकांच्या तोंडून बोलून घेतलं. एखादीला रुसायचं असे, ती गाणं गुणगुणे. एखादीला नकार द्यायचा असे, ती गोष्ट सांगे. जुने चित्रपट मला का आवडतात, याची मी आजवर दिलेली कारणं सगळी खरी आहेत, पण हे कारण त्यांच्याही तळाशी होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. आणि दुसऱ्याचे शब्द उसने घेतले की ते समोरच्यापर्यंत कुठल्या रूपात पोचतील, यावर आपला ताबा उरत नाही. बाबा आणि आत्या, दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं. एवढं कळायला एकाला आयुष्य पुरलं नाही आणि दुसरीला जवळजवळ सगळं खर्चावं लागलं.

या दिवाळीत भाऊबीजेला मी तिच्याकडे होते. दिवेलागणीच्या आधी बघते तर आत्या ताट लावत होती. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, करंजी. सूर्य बुडाला तशी ती ताट घेऊन अंगणात आली. पश्चिमेला, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या पत्र्यांच्या वर, बीजेची कोर होती. ती फार वेळ थांबत नाही, हे आत्याला माहीत होतं, म्हणून ती घाई करत होती, पण निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं. तिसऱ्यांदा मी आडोसा धरला. तिनं ओवाळलं, अक्षता कोरीच्या दिशेनं टाकल्या. मग मान वर करून, पेपर वाचून दाखवायची त्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाली, "दादा, पुरा पाह्यला मी."

कोर पत्र्यांमागे गेली तरी ती ताट खाली ठेवत नव्हती. निरांजन शांत होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.